सत्तावन्न किलोंचा उपग्रह : प्रस्तावना

१० जानेवारी २००७ रोजी सकाळी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही जातीचा जो अग्निबाण सुटला, त्याच्याविषयी आपल्याकडे जे बोलले गेले ते मुख्यतः दोन गोष्टींविषयी होते, आणि तसे होणे स्वाभाविकही होते. एक, ६८० किलो वजनाचा कार्टोसॅट-२ हा नकाशे काढण्याच्या कामी यावयाचा उपग्रह. दुसरी, अवकाशात जाऊन पुन्हा पृथ्वीवर उतरविण्याची ती कुपी, जी पुढे बारा दिवसांनी बंगालच्या उपसागरातून सुखरूप उचलून आणण्यात आली आणि जिच्यामुळे भारताला एका सर्वस्वी नव्या विद्येचा पहिला दाखला मिळाला. त्याच अग्निबाणावर आणखी दोन उतारू होते. त्यांपैकी एक अर्जेंटिनाचा, जेमतेम सहा किलोंचा. आणि दुसरा इंडोनेशियाचा, सत्तावन्न किलोंचा, ४५ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि २७ सेंटिमीटर उंच अशा चौकोनी पेटीच्या आकाराचा. दोघा माणसांनी कडेला धरून उचलून न्यावी एवढीच ती पेटी. तिचे नाव लापान-ट्यूबसॅट. प्रस्तुत पुस्तकाचा विषय ही पेटी आहे.

इतक्या लहान वस्तूविषयी एवढा मोठा ग्रंथ कशासाठी, अशी शंका वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे, आणि तिचे निरसन करणे हे प्रस्तावनाकाराचे पहिले कर्तव्य. जगातील बलाढ्य राष्ट्रांच्या अंतराळ खात्यांनी जे महाकाय उपग्रह सोडले त्यांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु ज्या राष्ट्राची तिजोरी बेताची, ज्याचे तंत्रज्ञ मूठभर, आणि ज्याच्या गरजा मात्र कोणत्याही संपन्न राष्ट्राइतक्याच किंबहुना त्याहून निकडीच्या, त्या राष्ट्राने आपला पहिला पृथ्वीनिरीक्षक उपग्रह बांधावयास घेतला म्हणजे त्याला पदोपदी कशाचा त्याग करावा लागतो आणि त्या त्यागातूनही कोणता लाभ साधता येतो, ह्याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही. लापान-ट्यूबसॅटचे मोल त्याने पाठविलेल्या चित्रांवरून ठरवू गेल्यास त्याच्यावर अन्याय होईल, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे मोल त्याच्या घडणीमागील निवडीत आहे, आणि ती निवड समजण्यासाठी आधी तो देश समजला पाहिजे.

इंडोनेशिया हा सतरा हजारांहून अधिक बेटांचा मुलूख. पूर्वपश्चिम सुमारे पाच हजार किलोमीटर पसरलेला, दक्षिणोत्तर मात्र विषुववृत्ताला धरून राहिलेला, म्हणजे ६ अंश उत्तरेपासून ११ अंश दक्षिणेपर्यंत. त्यात शंभरावर जागृत ज्वालामुखी, सुमात्रा व बोर्निओतील विस्तीर्ण अरण्ये आणि दरसाल त्यांत पेटणारे वणवे, भाताची अगणित खाचरे, आणि जगाच्या व्यापाराची जहाजे ज्यांतून अहोरात्र ये-जा करतात अशा सामुद्रधुन्या. अशा देशावर जमिनीवरून देखरेख ठेवणे दुरापास्त, हे तेथील राज्यकर्त्यांना फार पूर्वीच उमगले होते. २७ नोव्हेंबर १९६३ रोजी स्थापन झालेली तेथील राष्ट्रीय वैमानिकी व अंतराळ संस्था, जी लापान ह्या संक्षिप्त नावाने ओळखली जाई, ती वयाने आपल्या थुंब्याच्या पहिल्या अग्निबाणाला केवळ सहा दिवसांनीच धाकटी होती. दळणवळणासाठी स्वतःचा उपग्रह बाळगण्यात तर इंडोनेशियाने आपल्यालाही मागे टाकले: ८ जुलै १९७६ रोजी पालापा हा त्यांचा उपग्रह फ्लोरिडाहून उडाला. परंतु तो अमेरिकेत बांधलेला, दाम मोजून विकत घेतलेला. विकत घेतलेल्या यंत्राने टेलिफोन जोडले जातात. ते यंत्र आतून कसे चालते हे जाणणारी माणसे त्यायोगे निर्माण होत नाहीत. पृथ्वीच्या छायाचित्रांचेही तेच झाले. परदेशी उपग्रहांची चित्रे घेण्यासाठी सुलावेसी बेटावर पारेपारे येथे ग्रहणकेंद्र उभे राहिले, चित्रे आली, त्यांवर अभ्यासही झाला. पण कोणत्या दिवशी कोठे पाहावयाचे हा अखत्यार मात्र सदैव दुसऱ्याच्या हाती राहिला.

येथे खगोलगणिताची एक गोष्ट थोडी सावकाश समजावून घेणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व प्रकरणांचे मर्म तीत दडलेले आहे. पृथ्वीचे निरीक्षण करणारे बहुतेक उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत सोडतात. तीही अशी बेतलेली की, प्रत्येक स्थळावरून ते दर खेपेस जवळजवळ एकाच स्थानिक वेळी जावेत, म्हणजे सावल्या सारख्या पडतात आणि आजच्या चित्राची मागच्या खेपेच्या चित्राशी तुलना करता येते. व्यवस्था उत्तम आहे. पण ह्या साऱ्या कक्षा ध्रुवांपाशी एकवटतात आणि विषुववृत्तापाशी एकमेकींपासून सर्वांत दूर जातात. सहाशे किलोमीटरांच्या आसपास फिरणारा असा उपग्रह दिवसाकाठी चौदा-पंधरा प्रदक्षिणा करतो; ध्रुवाजवळच्या केंद्राला त्या जवळजवळ साऱ्याच लाभतात, विषुववृत्तावरील केंद्राला चार-पाचच, आणि त्यांतल्याही निम्म्या रात्रीच्या. म्हणजे जो प्रदेश भरपूर पावसाचा, त्याच्याच वाट्याला हे निरीक्षण सर्वांत कमी येते. भरीला ढग. लँडसॅटसारखा उपग्रह एका जागी सोळा दिवसांनी परततो, आणि नेमक्या त्या घटकेस जावा-सुमात्रावर ढगांचे छत असले, जे वर्षातील कितीतरी दिवस असतेच, तर पुढचे सोळा दिवस वाट पाहण्याखेरीज गत्यंतर नाही. ज्वालामुखी मात्र कोणासाठी थांबत नाही.

ह्या दुहेरी अडचणीवर धनवान राष्ट्राचा उपाय ठरलेला आहे: उपग्रहांची संख्या वाढवावी, कॅमेऱ्याचा पट्टा रुंद करावा, ढगांतून आरपार पाहणारे रडार वर पाठवावे. इंडोनेशियाला ह्यांपैकी काहीच त्या काळी परवडण्यासारखे नव्हते. तेव्हा लापानच्या तंत्रज्ञांनी बर्लिनचा रस्ता धरला. तेथील तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक उडो रेनर ह्यांच्या हाताखाली ट्यूबसॅट नावाची लहान उपग्रहांची एक परंपरा १९९१ पासून चालत आली होती, आणि तिच्यातील एक उपग्रह, डीएलआर-ट्यूबसॅट, २६ मे १९९९ रोजी आपल्याच श्रीहरिकोट्याहून, आपल्याच पीएसएलव्हीने वर गेला होता. पीएसएलव्हीने परदेशी उपग्रह नेण्याचा तो पहिला प्रसंग. त्याच अग्निबाणावर दक्षिण कोरियाचा किटसॅट-३ हाही होता. कोरियाने ही विद्या इंग्लंडातील सरे विद्यापीठात विद्यार्थी पाठवून मिळविली होती, आणि मोरोक्कोने बर्लिनशीच करार करून २००१ साली आपला एक ट्यूबसॅट सोडला होता. एकूण ह्या क्षेत्रात एक गुरुकुलपद्धती रूढ होत होती म्हणावयास प्रत्यवाय नाही. यजमान विद्यापीठ आराखडा देई, शिकाऊ राष्ट्र खर्च आणि माणसे देई, आणि उपग्रह हा जणू त्या अभ्यासक्रमाचा अंतिम प्रबंध असे.

आपल्याला ह्यात परके वाटावे असे काही नाही. आर्यभट आणि त्यानंतर ७ जून १९७९ चा भास्कर-१ हे आपले आरंभीचे उपग्रह सोव्हिएत भूमीवरील कपुस्तिन यार येथून, सोव्हिएत अग्निबाणांनीच वर गेले. भास्करच्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांना एक किलोमीटरहून बारीक तपशील दिसत नसे. तरीही त्या धूसर चित्रांवरच दूरसंवेदन जाणणारी भारतीय शास्त्रज्ञांची पहिली पिढी तयार झाली. त्या पिढीच्या उत्तराधिकाऱ्यांनी अठ्ठावीस वर्षांनी दुसऱ्या एका शिकाऊ राष्ट्राची पेटी आपल्या अग्निबाणावर बसविली, ही घटना मला कार्टोसॅटइतकीच अभिमानाची वाटते.

आता त्या पेटीच्या अंतरंगाकडे वळू. तिच्या डोळ्याचा मुख्य भाग म्हणजे सोनी कंपनीचा रंगीत व्हिडिओ कॅमेरा आणि त्याला जोडलेले १००० मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग. सुमारे ६३५ किलोमीटर उंचीवरून त्यातून पाच मीटरांपर्यंतचा तपशील ओळखता येई, म्हणजे धावपट्टी, गोदीतील जहाज, ज्वालामुखीचे मुख आणि त्यातून उठणारा धूर. एवढ्या तीक्ष्ण दृष्टीची किंमत अशी की, एका वेळी साडेतीन किलोमीटर रुंदीचाच तुकडा नजरेत येई. सोबतीला ५० मिलिमीटर भिंगाचा दुसरा कॅमेरा होता. त्याला दोनशे मीटरांहून लहान काही दिसत नसे, पण त्याचा आवाका ८१ किलोमीटरांचा. पहिला पाहणारा, दुसरा शोधणारा, अशी ही जोडी. चित्रे साठवून ठेवण्याची सोय उपग्रहावर नव्हती. कॅमेऱ्यात जे दिसे ते त्याच क्षणी, जुन्या दूरचित्रवाणीच्या अ‍ॅनालॉग पद्धतीने, खाली प्रक्षेपित होई; केंद्राच्या टप्प्यात उपग्रह असेल तोवर चित्र, टप्प्याबाहेर गेला की पडदा कोरा.

आणि येथेच ह्या उपग्रहाचे वैशिष्ट्य आहे. त्याला दिशा देण्यासाठी आत तीन फिरती चाके बसविली होती, जोडीला तीन जायरोस्कोप, आणि ताऱ्यांच्या आकृती ओळखून आपली दिशा निश्चित करणारे एक उपकरण. चाक एका अंगाने फिरविले की, कोनीय संवेग अक्षय्य राहत असल्याने, पेटी दुसऱ्या अंगाने वळते. अवकाशात टेकू घ्यावयास काही नसल्यामुळे वळण्याचा हा एक किफायतशीर मार्ग. कॅमेरा पेटीला घट्ट जखडलेला असल्याने पेटी वळली की दृष्टी वळली. मोठ्या उपग्रहांवर ह्या वळण्याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच ठरवून वर पाठवून दिलेले असते आणि यंत्र ते निमूटपणे पाळते. लापान-ट्यूबसॅटमध्ये मात्र ते वळण खाली जावा बेटावर, बोगोरनजीक रुम्पिनच्या केंद्रात बसलेल्या माणसाच्या हाती दिलेले होते.

तेथे काय घडत असे ते जवळून पाहण्यासारखे आहे. उपग्रह क्षितिजावर उगवतो आणि दुसऱ्या क्षितिजाआड जातो, एवढ्यात अवघी दहा-बारा मिनिटे जातात. त्याची सावली जमिनीवरून सेकंदाला जवळजवळ सात किलोमीटर वेगाने धावते. अर्थात कॅमेरा सरळ खाली रोखून ठेवला तर साडेतीन किलोमीटरांचा तो तुकडा अर्ध्या सेकंदात पडद्यावरून निघून जाईल आणि डोळ्याला एक सरकती रेघ तेवढी दिसेल. म्हणून संचालक आधी रुंद कॅमेऱ्याने टेहळणी करतो. पडद्यावर निळे पाणी, किनाऱ्याची पांढरी कड, ढगांचे पुंजके. मग त्या ढगांत कोठे फट दिसली, आणि त्या फटीत जे पाहावयाचे ते डोंगराचे मुख सापडले, की तो उपग्रहाला आज्ञा देतो, तीक्ष्ण कॅमेरा त्या मुखावर येतो. आणि तेथून पुढे उपग्रह पुढे पळत असता त्याची मान मात्र मागे वळत राहील अशा बेताने तो चाकांची गती राखतो. धूर कोणत्या बाजूला कलला आहे, उतारावर नवी राख आहे की जुनीच, हे पाहावयास अशा रीतीने अर्ध्या सेकंदाऐवजी कितीतरी सेकंद मिळतात. चित्रात मधूनमधून खरखर येते, संदेश क्षीण झाला की रंग विटतात; नवशिक्या हाताकडून लक्ष्य पडद्याबाहेर निसटते आणि ते परत आणण्यात पाऊण मिनिट वाया जाते. पण ढगांत फट आहे की नाही ह्याचा निर्णय त्या क्षणी, ते ढग प्रत्यक्ष पाहणारा माणूस करीत असतो. ढगाळ मुलखासाठी ह्याहून समर्पक उपाय इतक्या थोड्या खर्चात दुसरा सुचणे कठीण होते.

ह्या उपग्रहावर आक्षेप घेतले गेले नाहीत असे नाही, आणि ते मी येथे झाकून ठेवणार नाही. व्हिडिओच्या चित्रावरून मोजणी करता येत नाही. त्याचा कोन क्षणोक्षणी बदलतो, रंगांची मोजमापे भरवशाची नसतात, आणि तलाठ्याच्या दप्तरात लावता येईल असा नकाशा त्यातून निघत नाही. पिकांखालील क्षेत्र किती, जंगल किती घटले, ह्या प्रश्नांना त्याच्यापाशी उत्तर नव्हते. चित्र साठविता येत नसल्यामुळे रुम्पिनच्या टप्प्यापलीकडील पूर्वेकडची बेटे त्याला दाखविता येत नसत. त्यासाठी पापुआच्या किनाऱ्याजवळील बियाक बेटावर आणखी एक केंद्र हवे होते. (ह्याच बियाकवर इस्रोचेही एक मागोवा-केंद्र आहे, हे पुष्कळ भारतीय वाचकांना ठाऊक नसावे.) हे सर्व आक्षेप खरे आहेत. परंतु ते ज्या अपेक्षेतून जन्मतात ती अपेक्षा ह्या उपग्रहाने कधीच पत्करली नव्हती. नकाशासाठी जो उपग्रह लागतो तो बांधण्याआधी दिशा-नियंत्रण, वीज, उष्णता, संदेशवहन आणि भूकेंद्र ह्या पाचही गोष्टी ज्याने आपल्या हाताने बिघडविल्या आणि पुन्हा सुधारल्या आहेत असा माणूस लागतो. आणि दररोजच्या त्या दहा-बारा मिनिटांत, उपग्रह प्रत्यक्ष हाती धरून, लापानला तशी माणसे मिळाली. स्वयंचलित यंत्राने ती इतक्या लवकर मिळाली नसती, असे मला वाटते.

ह्याचा पुरावा पुढील दोन उपग्रहांत आहे. लापान-ए२ हा पाऊणशे किलोंचा उपग्रह बर्लिनमध्ये नव्हे, बोगोरमध्ये, इंडोनेशियन हातांनी बांधला गेला, आणि त्याच्यासाठी त्यांनी कक्षा निवडली ती ध्रुवीय नव्हे, विषुववृत्ताशी केवळ ६ अंशांचा कोन करणारी. ह्या एका निर्णयाने वर सांगितलेली अडचण मुळापासून गेली: जो उपग्रह देशावर दिवसातून मोजक्या वेळी येई, तो आता सुमारे चौदा वेळा येऊ लागला. पण अशा कक्षेकडे जाणारा अग्निबाण रोज थोडाच सुटतो? तयार झालेल्या उपग्रहाला काही वर्षे तिष्ठत राहावे लागले, ते ज्या प्रमुख उताऱ्याची सोबत मिळावयाची होती त्याच्यासाठी. आणि तो उतारू म्हणजे आपला अ‍ॅस्ट्रोसॅट. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि पुण्याचे आयुका ह्यांच्या शास्त्रज्ञांनी ज्याच्या उपकरणांवर वर्षानुवर्षे परिश्रम केले, त्या ह्या खगोलवेधी उपग्रहाला दक्षिण अटलांटिकवरील किरणोत्सर्गाचा पट्टा शक्यतो टाळावयाचा होता, म्हणून त्याने ६ अंशांची कक्षा मागितली. इंडोनेशियाला आपले घर वारंवार दिसावयास हवे होते, म्हणून तीच कक्षा त्यांनाही हवी होती. क्ष-किरणांचे तारे पाहणारा आणि मलाक्काची जहाजे मोजणारा असे दोघे २८ सप्टेंबर २०१५ रोजी एकाच अग्निबाणाने निघाले. लापान-ए२ वर जहाजांच्या ओळखीचे संदेश टिपणारे यंत्र होते, आणि त्याखेरीज इंडोनेशियातील हौशी रेडिओचालकांच्या ओरारी ह्या संघटनेसाठी ध्वनिसंदेश पुढे पाठविणारा पुनःप्रक्षेपकही होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत आचेह प्रांताचे सारे दळणवळण तुटले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना त्या पुनःप्रक्षेपकाचे प्रयोजन समजावून सांगावे लागत नाही.

तिसरा, लापान-ए३, २२ जून २०१६ रोजी गेला. वजन १२० किलो. ह्यावर चार रंगपट्ट्यांचा, शंभर किलोमीटरांहून अधिक रुंद पट्टा टिपणारा, मोजणीस योग्य असा कॅमेरा बसविला होता, आणि तो बोगोरच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने भातशेतीच्या पाहणीसाठी योजला होता. पहिल्या उपग्रहावरील मुख्य आक्षेपाला नऊ वर्षांनी मिळालेले हे उत्तर. त्या दिवशी पीएसएलव्हीवर एकंदर वीस उपग्रह होते. त्यांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी बांधलेला, सुमारे एक किलोचा ‘स्वयम्’ होता. महाराष्ट्रातील ज्या तरुण वाचकांच्या हाती हे पुस्तक पडेल त्यांनी ह्या योगायोगाकडे लक्ष द्यावे अशी माझी इच्छा आहे, कारण त्या दोन उपग्रहांच्या वजनांत मोठे अंतर असले तरी त्यांच्या कर्त्यांपुढील प्रश्न बरेचसे एकाच जातीचे होते: वीज थोडी, जागा थोडी, आणि वर गेल्यावर दुरुस्तीस हात पोहोचत नाही.

२०२१ साली लापान ही संस्था इंडोनेशियाच्या राष्ट्रीय संशोधन व नवनिर्मिती संस्थेत विलीन झाली. अशा विलीनीकरणात कागदपत्रे इतस्ततः होतात, जुनी माणसे निवृत्त होतात, आणि पहिल्या प्रयोगाच्या खटपटींची नोंद सर्वप्रथम हरवते. हे कोणत्याही सरकारी खात्याचा अनुभव असलेल्यास सांगावयास नको. हा विषय आत्ताच ग्रंथबद्ध होणे मला निकडीचे वाटते ते ह्यासाठी.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. कक्षांचे गणित आणि चाकांचे यंत्रशास्त्र ह्यांची प्रकरणे समीकरणांसह दिली आहेत. ज्याला त्यांची सवय नाही त्याने पहिल्या वाचनात ती ओलांडून पुढे जाण्यास हरकत नाही. भूकेंद्रावरील कामकाजाचे प्रकरण मात्र कोणीही वगळू नये, आणि शक्य तर ते दोनदा वाचावे: एकदा पडद्यावरील चित्र कसे बदलते ते पाहण्यासाठी, आणि दुसऱ्यांदा संचालकाने कोणती आज्ञा केव्हा दिली तेवढ्याचाच माग काढण्यासाठी. शेवटी परिशिष्टात तिन्ही उपग्रहांची मापे, वजने आणि कक्षा एकत्र मांडल्या आहेत; वाचताना ते पान उघडे ठेवल्यास सोयीचे होईल.